बानाबाईच्या तळव्यातला हाली रुपया

मित्रांनो, मला घेऊन तुम्ही दुकानात गेलात तर दुकानदार मला उलटसुलट करून पाहील आणि परत तुमच्या हातावर ठेवील. मी हाली रुपया. निजामाच्या राज्यात चालायचो, आता कुठेच चालत नाही. वय झालं आहे, अंगावरची अक्षरं पुसट झाली आहेत. तरीही माझी गोष्ट ऐका, कारण त्यात माझी एक चूक आहे आणि एका बाईचा फार मोठा पराक्रम आहे.

हैदराबादच्या टांकसाळीत मी जन्मलो. चांदीत तांबं मिसळून वितळवलं, पत्रा ओढला, त्यातून गोल चकत्या कापल्या आणि एका दणक्यात माझ्या अंगावर चारमिनार उमटला. तिथून मी औरंगाबादेत आलो. गुलमंडीवरच्या कापडाच्या दुकानांत फिरलो, शहागंजच्या बाजारात फिरलो. लोक मला दगडावर वाजवून पाहायचे आणि माझा खणखणीत आवाज ऐकून मान डोलवायचे. मला त्या आवाजाचा फार अभिमान होता.

पुढे पोलीस ॲक्शन झाली. निजामाचं राज्य गेलं. काही वर्षं मी आणि भारत सरकारचा कलदार रुपया शेजारी शेजारी चाललो. मग हुकूम निघाला, हाली बंद. माझे कितीतरी सोबती सोनारांच्या मुशीत गेले. काहींना कडी लावून बायकांच्या गळ्यातल्या माळेत जागा मिळाली. मी मात्र जुन्या बाजारात एका पोत्यावर, गंजक्या कुलपांच्या आणि फुटक्या चष्म्यांच्या शेजारी बरीच वर्षं पडून होतो. मला कुणीतरी पुन्हा हातात घ्यावं, एवढीच इच्छा उरली होती.

एका माणसानं मला घेतलं. त्याचं नाव सांडूबाबा. तो देवऋषी होता. गावात कुणाचं जनावर मेलं, कुणी आजारी पडलं की त्याला बोलावणं यायचं. तो मला उजव्या तळव्यात, अंगठ्याच्या मांसल भागाखाली दाबून धरायचा. मग तोच हात कडब्यात नाहीतर गोधडीत घालायचा आणि मला बाहेर काढायचा. "ही बघा करणी!" असं ओरडायचा आणि एखाद्या बाईचं नाव घ्यायचा. ती बाई बहुतेक एकटी असायची. मित्रांनो, नाण्याला तोंड नसतं. पण मी खोटी साक्ष देत होतो, हे मला कळत होतं.

करमाडच्या पुढे एक लहानशी वाडी आहे. तिथे नानासाहेब नावाचे मोठे बागाईतदार राहायचे. एका दसऱ्यानंतर त्यांचे दोन बैल चार दिवसांच्या अंतरानं मेले. सांडूबाबा आला. सगळ्या वाडीसमोर त्यानं गव्हाणीत हात घातला आणि मला काढलं.

"निजामाच्या येळचा रुपया," तो म्हणाला. "गावात असल्या रुपयांची माळ कोनाच्या गळ्यात हाय?"

सगळ्यांनी एकाच दिशेनं पाहिलं. वाडीच्या कडेला बानाबाई राहायची. मेंढरं पाळणारी, पंचावन्न वर्षांची, नवरा मल्हारराव वारलेला. तिच्या गळ्यात तशी माळ होती.

एरवी सांडूबाबा मला "विसर्जन करतो" म्हणून खिशात टाकायचा. पण त्या दिवशी नानासाहेबांचा राग अनावर झाला. त्यांनी मला हिसकावलं, तरातरा चालत जाऊन बानाबाईच्या अंगणात भिरकावलं.

"घे तुजी करणी!"

बानाबाईनं मला उचललं. निरखून पाहिलं.

"नानासाहेब, हा माजा नाय. माज्या समद्या रुपयांना कडी हाय. याला कडी नाय, कडी डागल्याची खूण बी नाय."

कुणी ऐकलं नाही. दुसऱ्या दिवसापासून तिला विहिरीवर पाणी मिळेना. कुणी तिची मेंढरं खतासाठी शेतात बसवून घेईना. पिठाच्या गिरणीत ती आली की बायका डबे उचलून निघून जायच्या.

बानाबाई रडली नाही असं नाही. दोन दिवस रडली. तिसऱ्या दिवशी मला पुढ्यात ठेवून स्वतःशीच बोलू लागली. "म्या ठिवला नाय. बैल काय ठिवनार नाय. मंग गव्हाणीत आला कुठून? हात त्याचाच व्हता. म्हंजी त्याच्या हातातूनच आला." थोडा वेळ थांबून ती म्हणाली, "कसा आला, ते मला शिकायचंय."

त्या रविवारी ती मला कनवटीला लावून औरंगाबादला गेली. जाफर गेटच्या आठवडी बाजारात दस्तगीरभाई नावाचा म्हातारा खेळवाला बसायचा. तो मुलांच्या कानातून नाणी काढायचा, रिकाम्या वाटीतून गोळ्या काढायचा. बानाबाई चार तास त्याच्यासमोर उन्हात बसून राहिली. खेळ संपल्यावर तिनं मला त्याच्यापुढे ठेवलं.

"भाऊ, मला हे शिकवा."

दस्तगीरभाई हसला. "कायकू अम्मा? ये पेट का धंदा है. घर जाओ."

तेव्हा तिनं सगळं सांगितलं. म्हाताऱ्याचं हसू मावळलं. त्यानं तिचा हात हातात घेतला, तळवा चाचपला. लोकर कातरून कातरून तो जाड झाला होता, आणि मेंढ्यांच्या लोकरीचा चिकटपणा त्यात मुरलेला होता.

"हात अच्छा है," तो म्हणाला. "पकड़ेगा. लेकिन छे महिने लगते. और एक बात, खेल खोल के किसी को बताने का नै. ये हमारी रोटी है."

 शब्द देण्यासाठी बानाबाईनं मान हलवली नाही, हे मी पाहिलं.

दर रविवारी ती जाऊ लागली. पहिला धडा नुसता धरण्याचा होता. तळव्याच्या मधोमध मला ठेवायचं, अंगठ्याच्या बुडाशी असलेल्या मांसानं एका बाजूनं दाबायचं, करंगळीकडच्या मांसानं दुसऱ्या बाजूनं. बोटं मात्र मोकळी, सैल. बानाबाई इतकी घट्ट दाबायची की तिचा पंजा कोंबडीच्या पायासारखा आखडायचा.

"हात को मालूम नै होना कि उसमें रुपया है," दस्तगीरभाई म्हणायचा.

आठवडाभर ती मला तळव्यात घेऊनच सगळी कामं करायची. काठी धरायची, दूध काढायची, भाकरी थापायची. मी पिठात पडायचो, लेंड्यांत पडायचो, एकदा चुलीतल्या राखेत पडलो. ती मला पुसायची आणि पुन्हा ठेवायची. माझ्या कडेनं तिच्या तळव्याला आधी लाल वळ उठला, मग फोड आला, मग घट्टा पडला. महिन्याभरानं ती विळ्यानं चारा कापत होती आणि मी तळव्यातून हललोसुद्धा नाही. त्या दिवशी ती एकटीच मोठ्यानं हसली. मेंढरांनी दचकून माना वर केल्या.

दुसरा धडा देण्याचा. उजव्या हातातून डाव्या हातात मला दिल्यासारखं करायचं, पण द्यायचं नाही. इथे बानाबाई अडली. मूठ बरोबर मिटायची, पण नजर मात्र चोरून उजव्या हाताकडे जायची.

"आँख जिधर जाती, लोगां उधर देखते," म्हातारा वैतागायचा. "तुम खुद मानो कि रुपया बाएँ हात में है. तुम नै मानोगे तो कौन मानेगा?"

ती मेंढरांसमोर उभी राहून सराव करायची. रिकाम्या डाव्या मुठीकडे टक लावून बघायची. शंभरदा, दोनशेदा. मित्रांनो, मी अनेकांच्या हातांतून फिरलो, पण माझ्यासाठी इतके कष्ट कुणी घेतले नव्हते. मीही मनाशी ठरवलं, या हातातून निसटायचं नाही.

तीन महिने झाले. दस्तगीरभाईच्या हिशेबानं अजून निम्मं शिक्षण बाकी होतं. तेवढ्यात नानासाहेबांची चार वर्षांची नात सारजा तापानं फणफणली. तिचा बाप बद्रीनाथ चिकलठाण्याला कारखान्यात कामाला होता, तो धावत घरी आला. तो म्हणाला, दवाखान्यात नेऊ. नानासाहेबांनी पुन्हा सांडूबाबाला बोलावलं. बाबानं सांगितलं, "करणीवाली गावात हाय तवर ताप उतरनार नाय. पोरीला वेशीबाहेर काढू नका." बापाचा इलाज चालेना. ताप बाराव्या दिवसावर गेला. पोर पाणीही गिळेना.

बाराव्या दिवशी सकाळी सांडूबाबा करणी काढायला येणार होता. बानाबाईला सांगावा आला, आज गाव सोड. तिनं मला उजव्या तळव्यात घेतलं आणि ती सरळ नानासाहेबांच्या वाड्याकडे निघाली. मला तिच्या नाडीचे ठोके ऐकू येत होते.

अंगणात सगळी वाडी जमली होती. बाजेवर सारजा, उशाशी तिची आई वच्छलाबाई. बानाबाईला पाहून लोक मागे सरले.

"मी जाते," बानाबाई म्हणाली. "पर आदी माजं एक काम बघा."

तिनं हात वर केला, नानासाहेबांच्या पटक्याला हलकेच बोटं लावली आणि मला बाहेर काढलं. इतकं सफाईनं की दस्तगीरभाईनंही पाठ थोपटली असती.

 मग सांडूबाबा किंचाळला, "बघा, बघा! समद्यांच्या देखत करणी केली! आता तरी पटलं का?"

गर्दीत गलका उठला. कुणीतरी दगड उचलला. मी घाबरलो. तिची कला जितकी पक्की, तितकं तिचं मरण जवळ आलं होतं.

बानाबाईनं मला पुन्हा तळव्यात घेतलं. हात सगळ्यांसमोर धरला, आणि मला सोडून दिलं.  तीन महिने जे न पडण्यासाठी तिनं रक्त आटवलं, ते तिनं जाणूनबुजून पाडलं. मी फरशीवर पडलो. खण्ण!

"पडला ना?" ती म्हणाली. "हातातून पडला. म्हंजी हातातच व्हता. ही करणी नाय, ही हिकमत हाय. या, जवळ या. बघा कसा धरत्यात."

दगड घेतलेला हात तसाच राहिला. कुणी पुढे येईना. मग वच्छलाबाई बाजेवरून उठली. सासऱ्यासमोर तिनं कधी पदर ढळू दिला नव्हता की आवाज चढवला नव्हता. ती पुढे आली आणि बानाबाईच्या हातावर वाकली. बानाबाईनं एकदा दाखवलं, दुसऱ्यांदा सावकाश दाखवलं. अंगठ्याखालचा काळा घट्टा दाखवला.

वच्छलाबाई वळली आणि म्हणाली, "बाबा, आता तुमचा हात दाखवा. उजवा."

सांडूबाबानं मूठ आवळली. "देवाच्या हाताला बाई शिवत नसती."

"मी शिवत नाय. नुसता उघडा."

तो उघडेना. नानासाहेब पुढे झाले. त्यांनी सांडूबाबाचं मनगट धरलं आणि पिरगाळलं. माझ्यासारखाच दुसरा एक हाली रुपया घरंगळत बाजेखाली गेला.

वच्छलाबाईनं त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. तिनं पोरीला गोधडीसकट उचललं. "बैलगाडी जुपा," ती बद्रीनाथला म्हणाली. करमाडहून बसनं ते औरंगाबादला गेले, घाटीच्या सरकारी दवाखान्यात. डॉक्टर म्हणाले मुदतीचा ताप आहे, टायफॉईड; आणखी दोन दिवस थांबला असतात तर हाती काही लागलं नसतं. वीस दिवसांनी सारजा आपल्या पायांनी वाडीत आली. सांडूबाबा त्या दुपारीच निघून गेला होता. तो पुन्हा त्या वाटेला फिरकला नाही.

सगळं लगेच गोड झालं, असं मी खोटं सांगणार नाही. काही बायका वर्षभर बानाबाईशी बोलल्या नाहीत. नानासाहेबांनी तोंडानं कधी माफी मागितली नाही. पण त्या उन्हाळ्यात त्यांचा गडी येऊन म्हणाला, "मालकानं सांगितलंय, मेंढरं आदी आमच्या वावरात बसवा." बानाबाईनं तेवढ्यावर समाधान मानलं.

एक काटा तिला टोचत होता. ती रविवारी जाफर गेटला गेली आणि दस्तगीरभाईला म्हणाली, "भाऊ, मी खेळ उघडा केला. तुमच्या पोटावर पाय दिला."

म्हाताऱ्यानं हातातली वाटी खाली ठेवली. मग म्हणाला, "मेरा पेट खेल से चलता, अम्मा. लोगां के डर से नै. अच्छा किया." आणि त्यानं तिला चहा पाजला.

मित्रांनो, मी बाजारातून बाद झालो तेव्हा मला वाटलं होतं, माझं जगणं संपलं. तसं नसतं. मी खोट्याच्या हातात होतो तेव्हा लोकांचं वाईट केलं. मेहनतीच्या हातात आलो तेव्हा एका पोरीचा जीव वाचायला माझा उपयोग झाला. तुम्ही हातचलाखी जरूर शिका. पडाल, पुन्हा उचला. लोकांना हसवा, चकित करा. पण घाबरवू नका. आणि कुणी चमत्कार दाखवून एखाद्या माणसाकडे बोट रोखलं, तर आधी त्या बोटाच्या मालकाचा तळवा बघायला मागा.

पुढच्या पावसाळ्याच्या तोंडाला एक अनोळखी बाई बानाबाईच्या दारात आली. देवगाव रंगारीकडच्या कुठल्याशा वस्तीवरून, पार कन्नड तालुक्यातून, बानाबाईची गोष्ट ऐकून, दोन बस बदलून आली होती. अंगावर मारल्याचे वळ होते. दारातच उभी राहून म्हणाली, "मावशी, आमच्याकडं बी एक बाबा आलाय. माजं नाव घेतलंय त्यानं."

बानाबाईनं तिला आत घेतलं, पाणी दिलं, भाकरी दिली. जेवण झाल्यावर म्हणाली, "रडून झालं असंल तर हात पुढं कर."

बाईनं हात पुढे केला. बानाबाईनं तिच्या तळव्याच्या मधोमध मला ठेवलं. मी लगेच घसरून जमिनीवर पडलो.

"पडू दे," बानाबाई म्हणाली. "उचल. पुन्यांदा."