आधी ओळख कुणी दाखवायची

अण्णांचं बुटांचं दुकान शाळेच्या रस्त्यावर होतं, आणि अण्णांचं तोंड त्या दुकानापेक्षाही जास्त वेळ उघडं असायचं. पस्तीस वर्षांत त्यांनी आसपासच्या निम्म्या पोरांच्या पायांत बूट चढवले होते. कुणाचा उजवा पाय अर्धा नंबर मोठा, कुणाचा पंजा रुंद, सगळं तोंडपाठ. रस्त्यात कुणी दिसलं की वीस पावलांवरून हाक. ओळख न दाखवणारा माणूस त्यांच्या मते माणसांत जमाच नव्हता.

गेली दोन वर्षं या तोंडाला नवा विषय मिळाला होता, तो म्हणजे लेक. वय अठ्ठावीस, मुलांच्या रुग्णालयात मानसशास्त्रज्ञ, पण अण्णांच्या लेखी ती छकुलीच. मग समोर तिचे सर उभे असले तरी. अपघात, आग, मारहाण असलं काही सोसलेल्या मुलांना सावरायचं कसं, यावर ती संशोधन करत होती. चोवीस मुलं आणि वर्षभराचा पाठपुरावा. मूल कधी, किती आणि कुणाजवळ बोलेल हे मुलानंच ठरवायचं, आपण घाई करायची नाही, असं तिचं म्हणणं. विभागातली मोठी माणसं म्हणत, ही पद्धत फार हळू आहे. आणि तिची नेमणूक अजून कच्चीच होती. अण्णांना यातलं निम्मंच कळायचं. पण पायाचं माप घेता घेता ते गिऱ्हाइकाला सगळं ऐकवत, आणि एक पाय उघडा टाकून बसलेलं गिऱ्हाईक बिचारं पळणार कुठे?

शाळा उघडायच्या तोंडावर दुकानातला सेल्समन आजारी पडला आणि छकुली शनिवारी मदतीला आली. दुपारी एक बाई तेरा-चौदा वर्षांच्या मुलीला घेऊन आल्या. मुलगी त्यांना मावशी म्हणत होती. छकुलीला पाहताच ती जागच्या जागी थबकली. अण्णांनी ते बरोबर टिपलं. बूट चावत असतानाही 'नीट बसतोय' म्हणणारी पोरं त्यांनी जन्मभर पाहिली होती. चेहरा वाचायला त्यांना चष्मा लागत नसे. पोरगी हिला ओळखत होती, नक्कीच. आणि छकुली? तिची नजर त्या मुलीवरून सरळ पुढे सरकली. तिनं नंबर विचारला, खोकी काढून दिली आणि मागच्या खोलीत निघून गेली.

अण्णांचं डोकंच फिरलं. दुकान रिकामं होताच त्यांनी लेकीला फैलावर घेतलं. लेकरू तुझ्याकडे बघत होतं आणि तू तोंड फिरवलंस, एवढं शिकून हेच आलं का, डोक्यात हवा गेली का, असं बरंच काही. छकुलीनं मध्ये न बोलता सगळं ऐकून घेतलं.

"मी तिला ओळखते की नाही, हेही मी तुम्हाला सांगू शकत नाही, अण्णा," ती म्हणाली. "बाहेर भेटलो तर आधी ओळख दाखवायची की नाही, हे मूल ठरवतं. मी हसले की सोबतचं माणूस विचारणार, ही कोण? मग त्या मुलाला खोटं तरी बोलावं लागतं, नाहीतर सगळं सांगावं लागतं. त्याच्या हातून आधीच बरंच गेलेलं असतं. एवढं तरी त्याच्या हातात राहू दे. आणि तुम्ही इथे बसून माझं कौतुक करता ना, तेव्हाही समोर असं एखादं मूल असू शकतं."

अण्णांना फाटके मोजे आठवले. एखाद्या पोराचा मोजा अंगठ्याशी फाटका निघाला की अण्णा पाठ फिरवून वरच्या फळीवर उगाच काहीतरी शोधत राहायचे, पोरानं अंगठा आत दुमडेपर्यंत. हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. लेकीची विद्या आपल्याच दुकानातली निघाली म्हणून त्यांना बरं वाटलं, आणि उगाच ओरडलो म्हणून वाईटही वाटलं.

पुढच्या शनिवारी तीच मुलगी तीन मैत्रिणींबरोबर बूट बदलायला आली. घरी गेल्यावर ते घट्ट वाटले होते. छकुली शिडीवर चढून खोकी लावत होती. तिनं खाली पाहिलंच नाही. मैत्रिणींमधली एक भारी चुणचुणीत, तिला सगळ्या जगाची चौकशी.

"काका, या ताई नवीन आहेत का? कोण आहेत त्या?"

एरवी एवढ्या प्रश्नावर अण्णांनी अर्धा तास काढला असता. दोन वर्षांचं कौतुक जिभेच्या टोकाशी येऊन उभं राहिलं. पण त्यांनी त्या मुलीकडे पाहिलं. तिनं बुटाचं खोकं छातीशी घट्ट धरलं होतं. एक शब्द सुटला असता, तर तिची गोष्ट तिच्या मैत्रिणींना एका दुकानदाराच्या तोंडून कळली असती, आणि लेकीनं जपलेलं बापानं मातीत घातलं असतं.

"माझी मुलगी आहे," अण्णा म्हणाले. "शनिवारी मदतीला येते." आणि ते बुटाचा नंबर बघायला लागले.

मग त्या मुलीचा आवाज आला, बारीक पण स्वच्छ.

"त्या माझ्या ताई आहेत. अपघातानंतर मी शाळेत कुणाशी बोलतच नव्हते ना? तेव्हापासून मी त्यांच्याकडे जाते." मग तिनं वर पाहिलं. "ताई, या माझ्या मैत्रिणी."

छकुली सावकाश खाली उतरली. तिघींची नावं विचारली, भेटून छान वाटलं म्हणाली, बस. ना शाबासकी, ना प्रश्न. आता तर हिचं तोंडच बंद होत नाही, असं चुणचुणीत पोरीनं जाहीर केलं आणि चौघी खिदळल्या. अण्णा खालच्या खणात डोकं घालून बसले होते, कारण त्यांच्या डोळ्यांना धारा लागल्या होत्या.

मुली गेल्यावर ते म्हणाले, हे आत्ताच्या आत्ता लिहून काढ आणि तुझ्या त्या मोठ्या लोकांच्या समोर ठेव. छकुलीनं नकारार्थी मान हलवली. तिचेही डोळे कोरडे नव्हते. हे रुग्णालयात घडलेलं नाही, त्या मुलीनं स्वतःच्या हिमतीवर केलंय, ते माझ्या संशोधनाच्या तक्त्यात बसवायचं नाही, ती म्हणाली. मला मात्र ते जन्मभर पुरेल.

संध्याकाळी जेवताना छकुलीची आई नवऱ्याकडे टक लावून बघत राहिली. तीस वर्षांच्या संसारात या माणसाच्या पोटात एकही गोष्ट जेवणाच्या वेळेपर्यंत टिकली नव्हती.

"आज स्वारी फार खुशीत दिसते. काय झालं दुकानात?"

"काही नाही. एका मुलीला बूट बदलून दिले," अण्णा म्हणाले आणि ताटात बघत राहिले.

आईनं मोर्चा लेकीकडे वळवला. लेक अण्णांकडेच बघत होती.

"त्यांना विचारू नकोस, आई," छकुली म्हणाली. "अण्णा आता माझ्या बरोबरीनं काम करतात."

अण्णांनी अभिमानानं एक मोठा घास तोंडात कोंबला, म्हणजे एक शब्दही बाहेर सांडायला नको.