तीन चिरांचा जेट

साहेबरावमामांच्या गॅरेजात अकरा वर्षं काढून नवनाथ एक काम मात्र पक्कं शिकला होता. चहा सांगायचं.

बाकीचंही शिकला होता, नाही असं नाही. आरएक्स मोटारसायकलचं इंजिन तो डोळे झाकून खोलायचा. सिलिंडरची दारं कानशीनं किती रुंदवायची, धुराची पुंगळी कुठं फुगवायची आणि कुठं आवळायची, सगळं हातात बसलं होतं. पण शर्यतीच्या दिवशी गाडी सुटायला अर्धा तास उरला, की मामा कार्बोरेटरपुढं उकिडवे बसायचे, खिशातून तंबाखूची जुनी पत्र्याची डबी काढायचे आणि मान वर न करता म्हणायचे, "नवनाथ, जा, चहा सांगून ये." चहा घेऊन परत यावं तर कार्बोरेटर बंद, डबी खिशात आणि मामा फडक्याला हात पुसतायत. अकरा वर्षांत एकदाही हे चुकलं नाही. शर्यत संपली की जेट काढायचेही स्वतःच.

डबीत जेट असायचे. जेट म्हणजे हरभऱ्याएवढा पितळेचा तुकडा, मधोमध बारीक भोक. इंजिनाला पेट्रोल किती पाजायचं ते या भोकावर. भोक मोठं पडलं तर गाडी धूर ओकत गुदमरते, बारीक पडलं तर पिस्टन कोरडा तापतो आणि चिकटतो. नव्या जेटवर आकडा ठोकलेला असतो. मामा तो आकडा कानशीनं घासून टाकायचे आणि कडेला आपल्या खुणेच्या चिरा पाडायचे. कुठल्या चिरा म्हणजे कितीचं भोक, हे त्यांना ठाऊक आणि त्यांच्या डबीला.

मामांना तरी दोष किती द्यावा! पंचवीस वर्षांमागं निमोण्याच्या पोपटराव बागायतदारांची गाडी मामांनी बांधली होती. माळावरच्या शर्यतीत ती पहिली आली. दुसऱ्या दिवशी पोपटरावांनी पुण्याचा मिस्त्री आणून कार्बोरेटर उघडला, जेटवरचा आकडा टिपून घेतला, आणि मामांना पुन्हा कधी बोलावणं आलं नाही. पोपटरावांच्या बैठकीत त्या शर्यतीचा फोटो अजून आहे. मधे कप, कपामागं पोपटराव, आणि पार कडेला मामांचा अर्धा खांदा. बुद्धविहाराशेजारच्या गॅरेजातला माणूस चौकटीत पुरता मावला नसावा. तेव्हापासून मामांनी कानस हातात घेतली. झाकली मूठ सव्वा लाखाची. फक्त ती मूठ आपल्या माणसापुढं तरी उघडायची असते, हे ते विसरून गेले.

सातव्या वर्षी नवनाथनं एकदा धीर करून विचारलं होतं. मामा म्हणाले, "येळ आली की दीन." वेळ काही आली नाही. नवनाथ रांजणगावच्या कंपनीत पाळ्या करत राहिला, पाळी सुटली की गॅरेजात येत राहिला, आणि चहा सांगत राहिला. आत काहीतरी करपत होतं, त्याचा वास त्यालाच यायचा.

मग गौतमीची गोष्ट आली. गौतमी नवनाथची धाकटी बहीण, वय बावीस. तीही रांजणगावलाच, कंत्राटावर, दिवसभर वायरींना टोप्या बसवायची. पण चौदाव्या वर्षापासून गाडीवर अशी बसायची, की बघणाऱ्याच्या पोटात गोळा यावा आणि तिच्या चेहऱ्यावर रेघ हलू नये. दौंडजवळ भीमेच्या काठच्या बाभळबनात जानेवारीत शर्यत ठरली. ओढे, वाळू आणि दोन बाभळींमधून हँडल जेमतेम निघेल अशी पाऊलवाट, सहा फेऱ्या. जुन्या गाड्यांच्या गटात पहिल्या तिघांत येईल त्याला पुण्याच्या एका क्लबाच्या संघात जागा: पगार, गाडी, वर्षभर शर्यती. अशी जागा यंदाच निघाली होती, आणि वयाची अट बावीसपर्यंतची. म्हणजे गौतमीला ही पहिली संधी आणि हीच शेवटची.

नवनाथनं तिच्यासाठी दोन वर्षं खपून गाडी बांधली होती. भंगारातली शहाण्णवची आरएक्स. सांगाडा उचलला, पुंगळी वर घेतली, झाडीसाठी हँडल दोन्हीकडून कापलं, काट्यांसाठी टायरात ट्यूबवर ट्यूब चढवली आणि कंपनीतून टाकून दिलेल्या निळ्या पिंपाचा पत्रा कापून हाताला आडोसे केले. गाडी बघून मामा एवढंच म्हणाले, "बरी झालीय." मामांच्या तोंडून 'बरी' म्हणजे दुसऱ्याच्या तोंडून हारतुरे. नवनाथ त्या एका शब्दावर आठवडाभर जगला.

राहिला होता फक्त जेट.

डिसेंबरअखेर मामांच्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. गॅरेजची दुसरी किल्ली नवनाथकडं आली. डबी कपाटात होती. ती उघडताना आपण चोरी करतोय असं त्याला वाटलं, आणि वाटलं तसं त्यानं ते दाबलं. आत तीसेक जेट, सगळे गुळगुळीत, सगळे सारखे, फरक फक्त कडेच्या चिरांचा. त्याला हवा होता तीन चिरांचा. गेल्या मे महिन्यातल्या शर्यतीत त्यांची गाडी उडाल्यासारखी पळाली होती, आणि मामांना शाल-नारळासाठी स्टेजवर बोलावलं तेवढ्या वेळात नवनाथनं गुपचूप कार्बोरेटर खोलून पाहिला होता. तीन चिरा. तेव्हापासून तो मनाशी म्हणत आला होता, मामांचं सगळं कसब म्हणजे हा एवढा तुकडा.

थंडीत गाडीला पेट्रोल जास्त लागतं हे त्याला कळत नव्हतं असं नाही. शेंबड्या पोरालाही कळतं. पण अकरा वर्षं जी गोष्ट लपवून ठेवली जाते, तिच्यात जादू असणारच असं माणसाला वाटायला लागतं, आणि जादूला कुठला आलाय उन्हाळा-हिवाळा. त्यानं तीन चिरांचाच बसवला, एका दिवशी पहिली पाळी उरकून चार वाजता तो निमोण्याच्या माळावर गेला, तापल्या उन्हात गौतमीला दोन-चार फेऱ्या मारायला लावल्या. गाडी सुसाट. प्लग काढून पाहिला. प्लगचं तोंड चहाच्या रंगाचं असावं लागतं, ते जरा फिकट होतं, म्हणजे पेट्रोल थोडं कमी.

"बरोबर हाय ना रं, दादा?" गौतमीनं विचारलं.

"एक नंबर," नवनाथ म्हणाला.

शर्यतीच्या सकाळी भीमेवर असं धुकं होतं की पलीकडचा काठ दिसेना. थंडीनं बोटं पान्याला चिकटत होती. पोपटरावांचा मुलगा इंद्रजीत नवी कोरी परदेशी गाडी घेऊन आला होता. त्याचा गट वेगळा, पण मित्रांचं टोळकं घेऊन तो जुन्या गाड्या बघत फिरत होता. निळ्या पिंपाचे आडोसे बघून कोणीतरी म्हणालं, "पिंपात पाणी भरलंय का ॲसिड?" आणि टोळकं हसलं. नवनाथनं ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

तेवढ्यात मामा आले. डॉक्टरांनी धुळीत जायचं नाही म्हणून बजावलं होतं, तरी काळा चष्मा लावून, मफलर गुंडाळून शिरूरहून एसटीनं आले होते. गौतमी गाडी तापवत होती. मामा चार पावलांवर थांबले, मान कलती करून ऐकत राहिले. डोळा अजून निवला नव्हता, पण कान तेच होते. मग ते जवळ आले, कार्बोरेटरपाशी उकिडवे बसले, हात डबीच्या खिशात घातला आणि मान वर न करता म्हणाले, "नवनाथ, जा, चहा सांगून ये."

चोराच्या मनात चांदणं. नवनाथला वाटलं, म्हाताऱ्याला कळलं. आता हा आपला जेट काढून घेणार, दुसरा कुठला तरी घालणार, गाडी जिंकली तर पुन्हा स्टेजवर हाच जाणार आणि आपण हातात कपबश्या घेऊन उभे. आपल्या गाडीसाठी. आपल्या बहिणीच्या शर्यतीत! अकरा वर्षांचा सगळा चहा त्याच्या डोक्यात उकळला.

"आज चहा तुमी आणा, मामा," तो म्हणाला. मोठ्यानं म्हणाला. "गाडी माझी हाय. कार्बोरेटरला हात लावायचं काम न्हाई."

इंद्रजीतचं टोळकं खदखदून हसलं. "मामा, दोन कटिंग आमालाबी!" त्यातलं एक ओरडलं.

मामा उठले. गुडघ्यावर हात टेकून, दोन टप्प्यांत. काळ्या चष्म्यामागं काय होतं ते दिसलं नाही. तोंड उघडलं, पण टोळक्याकडं वळून बघितलं आणि मिटलं. मग ते खरोखरच टपरीकडं चालायला लागले. गौतमी गाडीवरून बघत होती. "दादा, असं बोलत्यात का?" ती म्हणाली. नवनाथ म्हणाला, "तू म्होरं बघ." त्याला बरं वाटलं होतं. खोटं कशाला सांगा, फार बरं वाटलं होतं.

पहिल्या फेरीला गौतमी सातवी होती, दुसरीला पाचवी. बाभळीतून ती अशी निघायची, की काटे अंग चोरून घेत असावेत. तिसऱ्या फेरीला तिसरी. नवनाथ बांधावर उभा राहून बेंबीच्या देठापासून ओरडत होता. आता नुसतं टिकून राहायचं होतं.

चौथ्या फेरीत ती वाळूच्या ओढ्यात उतरली. तिथं सगळी मूठ पिळून गाडी हाणावी लागते, दीडेकशे कदम, श्वास न घेता. धुक्यातून आवाज येत होता. तो चढत गेला, चढत गेला, पातळ झाला, आणि नवनाथनं आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं ते जे मामांनी गाडी तापतानाच ऐकलं होतं. गाडी कोरडी वाजत होती. "क्लच!" तो ओरडला. "गौतमे, क्लच दाब!" अर्ध्या मैलावरून कोण ऐकणार? आवाज एकदम तुटला. मागचं चाक जागच्या जागी धरलं गेलं आणि गाडीनं तिला समोरच्या बाभळीवर फेकून दिलं.

तो पोचला तेव्हा लोकांनी तिला बाहेर काढलं होतं. डावा खांदा खाली लोंबत होता, गुडघा नको तिकडं वळला होता. ती रडत नव्हती. "तिसरी व्हते ना मी?" एवढंच विचारत होती. गाडी पाचोळ्यात पडली होती, इंजिनातून तापल्या लोखंडाचा वास येत होता. नवनाथनं किक दाबून पाहिली. किक दगडासारखी. पिस्टन चिकटला होता.

वळला तर मागं मामा उभे. एका हातात चहाचे दोन ग्लास, सांडून निम्मे झालेले. दुसरी मूठ आवळलेली. त्यांनी ती उघडली. तळहातावर घामानं ओला झालेला जेट होता, पाच चिरांचा.

दौंडच्या दवाखान्यात गौतमीच्या खांद्यात सळई घातली. गुडघ्याबद्दल डॉक्टर म्हणाले, चालेल, पण गाडीवर उभं राहायचं विसरा. दुपारी नवनाथ आणि मामा तिच्या खाटेच्या दोन बाजूंना बसले होते.

शेवटी मामाच म्हणाले, "मी चहा सांगितला व्हता तुला."

"तोंडानं सांगायचं व्हतं, मामा! जेट बारीक हाय म्हणायचं. दोन शब्द!"

"त्या पोरांम्होरं? माझ्या डबीतला चोरलाय म्हणून सांगू? पोपटरावाच्या पोराम्होरं तुझी अब्रू काढू?" मामा खाटेचा दांडा धरून पुढं वाकले. "तू गेला असतास तर गुपचूप बदलला असता. कुणाला कळलं नसतं. तुलाबी न्हाई."

नवनाथला वाटलं, जमीन दुभंगावी. अकरा वर्षांत एकदाच, फक्त एकदाच चहा त्याच्यासाठी सांगितला होता, आणि त्याच एका वेळी तो गेला नाही. "मला तो मे महिन्यातला…" तो पुटपुटला. "तीन चिरांचा. मला वाटलं, त्योच."

"अरे, त्योच कसला? मे मध्ये बेचाळीस डिग्री व्हती!" मामा म्हणाले. "रोजचा येगळा असतोय. सकाळी हवा हुंगायची, गाडी ऐकायची, मंग ठरवायचा. त्यात लपवण्यासारखं हाय काय?"

त्यात लपवण्यासारखं काय आहे, हे पंचवीस वर्षांत पहिल्यांदाच त्यांच्या कानावर पडलं असावं, आणि तेही त्यांच्याच तोंडून. चष्मा काढून ते ऑपरेशनचा डोळा मफलरनं पुसायला लागले. पुसू नये म्हणून सांगितलं होतं.

गौतमी जागी होती. छताकडं बघत होती. दोघांचं सगळं ऐकून झाल्यावर ती हळू म्हणाली, "दादाची अब्रू व्हती. मामांची डबी व्हती. मंग मला का न्हाई सांगितलं, मामा? कानात? तुमी टपरीकडं निघालात, तवा मी तिथंच गाडीवर व्हते." मग मान नवनाथकडं वळवली. "आन् तू, दादा. माळावर मी इचारलं तवा एक नंबर म्हणालास. गाडीवर तर मी बसनार व्हते."

खाटेखाली गौतमीचे बूट होते, भीमेच्या वाळूनं भरलेले, तेवढे नवनाथ बघत राहिला.

"जावा आता दोघं," गौतमी म्हणाली आणि डोळे मिटून घेतले. "खाली गेटाशी चहा मिळतोय."