चावी फेकणारा माणूस

कुंडलिकनं आजवर सात सिनेमांत काम केलं होतं आणि त्यातल्या चारांत तो मेला होता. भोरला शूटिंगवाले आले की जलालभाई गावोगावची माणसं गोळा करून न्यायचे. डोक्याला पागोटं, हातात भाला, आणि दुपारच्या जेवणाआधी मरण. पुढं मोबाईलवर पिक्चर बघताना कुंडलिकला बोट ठेवून सांगावं लागायचं, "त्यो बघ, तिसऱ्या घोड्याच्या मागं पालथा पडलाय, त्यो मी."

आठवा सिनेमा मात्र वेगळा होता. आठव्यात हिरोच कुंडलिक होता. म्हणजे नाव दुसरं, तोंड दुसरं, आणि दंड तर फारच दुसरे. पण माणूस तोच.

झालं होतं असं, की दोन वर्षांपूर्वी इंद्रजित नावाच्या दिग्दर्शकाच्या गाडीचा टायर कापूरहोळजवळ बसला. कुंडलिक तिथंच पंक्चरच्या दुकानात कामाला. पंक्चर निघेपर्यंत त्यानं इंद्रजितला आपली गोष्ट ऐकवली. बारा वर्षं तो ती येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवत होता; फरक इतकाच, की हे गिऱ्हाईक टायर बसवून झाल्यावरही हललं नाही.

गोष्ट अशी. कुंडलिक पूर्वी एका खासगी डेअरीचा दुधाचा टेम्पो चालवायचा, वर गुंजवण्यापासून खाली कामथडीजवळच्या दूध संकलन केंद्रापर्यंत. वळणावर दोन आखूड आणि एक लांब हॉर्न वाजला की बाया किटल्या घेऊन रस्त्यावर हजर. एका वाडीची बाळाबाई तेवढी रोज उशिरा यायची. सत्तरीची म्हातारी, दूध घालायची दीड लिटर. कुंडलिक तिच्यासाठी रोज थांबायचा. एप्रिलातल्या एका सकाळी ती आलीच नाही. दुसरा कुणी असता तर कधीच निघून गेला असता. कुंडलिक वीस मिनिटं थांबला आणि मग पायवाटेनं खाली उतरला. बाळाबाई ओढ्यातल्या दगडांवर पडलेली, खुब्याचं हाड मोडलेलं, आणि किटली मात्र सरळ धरलेली. तिला कॅनच्या मधल्या जागेत पोत्यांवर निजवून त्यानं टेम्पो थेट दवाखान्यात नेला आणि तिचा लेक येईपर्यंत तिथंच बसला. सव्वीस कॅन दूध उन्हात नासलं.

केंद्रावर सुपरवायझर आनंदराव वाट बघत होता. त्याला एकट्याला खोलीत घेऊन तो म्हणाला, "दीड लिटरापायी हजार लिटर नासवलंस. चावी ठेव आन् चालता हो."

त्यावर कुंडलिक ताठ उभा राहून म्हणाला, "साहेब, दूध उद्या परत निघंल. बाळाबाई परत निघाली नसती. ही घ्या तुमची चावी." आणि टेबलावर चावी फेकून तो मागं न बघता घरी आला.

इंद्रजितच्या अंगावर काटा आला. इथं कुणाच्याही आला असता. फक्त गोष्टीचा हा शेवट खोटा होता.

खरं म्हणजे कुंडलिकनं तेव्हा मान खाली घातली होती. चावी त्यानं दोन्ही हातांनी, देवापुढं नारळ ठेवावा तशी टेबलावर ठेवली होती आणि हात जोडून म्हटलं होतं, "चुकलं, साहेब. पुन्यांदा न्हाई होनार." तरी नोकरी गेलीच. माणसाचा जीव वाचवून आपण माफी मागितली, या गोष्टीचा त्याला इतका संताप आला होता, की कामथडीपासून घरापर्यंतच्या वाटेत त्यानं ते भाषण तयार केलं. दारात पाऊल टाकल्या टाकल्या बायकोला, नूतनला, ऐकवलं. तिचे डोळे असे चमकले, की मग ते मागं घेता येईना.

म्हणूनच इंद्रजितच्या सिनेमातला तो माणूस कुंडलिकला आपला वाटायचा आणि त्याच्यावर जळफळाटही व्हायचा. आपण जसं व्हायला हवं होतं, तसा तो होता. एकदा, फक्त एकदा, ती चावी आपल्या हातानं फेकायला मिळावी. कॅमेऱ्यासमोर का होईना! मग निदान कुठंतरी ते खरं झालं असतं. या आशेनं शूटिंगच्या आदल्या आठवड्यात छप्पन्न वर्षांच्या कुंडलिकनं मिशी काळी केली.

हिरो तिशीतला निघाला. बाळाबाईच्या जागी पंचविशीची, लिपस्टिक लावलेली पोरगी ओढ्यात पडली. कुंडलिकला काम मिळालं ते हिरोला शिकवायचं. कॅन कमरेवर कसा घ्यायचा, झाकण मुठीच्या एका ठोक्यात कसं सैल करायचं, दोन आखूड आणि एक लांब. हिरो बिचारा सरळ होता, सारखा विचारायचा. एकदा त्यानं विचारलं, "काका, चावी फेकली तेव्हा तुम्ही नेमके कसे उभे होता?"

"ताठ," कुंडलिक म्हणाला, आणि दुसरीकडं बघत कॅन पुसू लागला.

शेवटच्या दिवशी कामथडीजवळच्या त्याच, आता बंद पडलेल्या केंद्रात सीन होता. गावच्या बायांना किटल्या देऊन रांगेत उभं केलं होतं. त्यांत नूतनही होती. इंद्रजित कुंडलिकच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "काका, तुमच्यासाठी एक सरप्राईज आहे. या सीनमध्ये तुम्ही आहात. डायलॉगसकट!"

कुंडलिकचा हात काळ्या केलेल्या मिशीवर गेला. "चावी..." एवढंच तो म्हणाला.

"चावी मागणारा! सुपरवायझर तुम्ही करायचा. तो माणूस तुमच्याइतका कुणी जवळून पाहिलाय?"

हसावं की रडावं कळेना. पण नाही म्हणायची सवय अंगात असती, तर चौदा वर्षांपूर्वीच कामाला आली असती. कुंडलिकनं सफारी चढवली आणि आनंदरावाच्या खुर्चीत जाऊन बसला.

पहिल्या टेकला त्याचा आवाजच फुटला नाही. दुसऱ्याला तो "चालता हो" इतक्या अदबीनं म्हणाला, की रांगेतल्या बाया हसल्या. तिसऱ्याला, चौथ्याला हिरो पुढं आला, ताठ उभा राहिला, "दूध उद्या परत निघंल, साहेब..." म्हणाला आणि चावी खणकन टेबलावर आदळली. दर वेळी लोकांनी टाळ्या वाजवल्या. दर वेळी कुंडलिकला वाटलं, उठावं आणि या पोराच्या हातातून ती चावी हिसकावून घ्यावी. माझी आहे ती! मी जन्माला घातलंय ते वाक्य, आणि हा गडी त्यावर टाळ्या घेतोय.

सातव्या टेकला चावी त्याच्या अगदी पुढ्यात येऊन पडली. हिरो त्याच्या डोळ्यांत बघत होता. आणि कुंडलिकचे हात आपोआप जुळले. तोंडातून शब्द बाहेर पडले, "चुकलं, साहेब. पुन्यांदा न्हाई होनार."

"कट!" इंद्रजित वैतागून पुढं आला. "काका, तुम्ही कशाला माफी मागताय? या अख्ख्या सीनमध्ये माफी मागणारं कुणीही नाहीये!"

सगळे हसले. नूतन हसली नाही. किटली हातात धरून ती नुसती बघत राहिली.

ऊन उतरत चाललं होतं. इंद्रजितनं घड्याळ बघितलं आणि सफारी जलालभाईंच्या अंगावर गेली. जलालभाईंनी एका टेकमध्ये असा काही दम भरला, की हिरोसुद्धा दचकला. कुंडलिकला बाजूला चहा देण्यात आला. जलालभाई सफारी काढता काढता म्हणाले, "मनावर घेऊ नका, कुंडलिकराव. पुढच्या महिन्यात लढाई हाय. तुमची जागा पक्की."

"व्हय, मरायला लागतोच की मी," कुंडलिक म्हणाला.

नूतनला मोटारसायकलवर मागं बसवून तो घराकडं निघाला. नसरापूर मागं पडलं. मार्गासनीच्या अलीकडं ती म्हणाली, "त्या दिवशीबी असंच म्हनला हुता का? हात जोडून?"

खोटं बोलायला त्याच्याकडं जागाच उरली नव्हती. "व्हय," तो म्हणाला.

"आन् चावी?"

"ठिवली. दोन्ही हातानं."

 मग ती म्हणाली, "त्या दिवशी सांजच्याला आनंदराव आला हुता."

"कुठं?"

"घरी. तुमी बाळाबाईला बघाया गेला हुता. उंबऱ्याभाईर उभा ऱ्हायला. म्हनला, वहिनी, वरच्यांच्या शिव्या खाल्ल्या आन् राग त्याच्यावर काढला. चावी घिऊनच आला हुता. उद्या पहाटं गाडी काढायला सांगा, म्हनला."

कुंडलिकनं करकचून ब्रेक दाबला. गाडी रस्त्याच्या कडेला गेली. त्यानं मान वळवून बायकोकडं बघितलं.

"मग?"

"मग काय! दुपारीच तुमी समदं सांगितलं हुतं. माझी मान ही अशी ताठ झालेली. म्या म्हनलं, माझ्या नवऱ्यानं जिथं चावी फेकली तिथं त्यो परत पाय ठिवायचा न्हाई. फेकली म्हनल्यावर त्यानं कायतरी बोलाया तोंड उघडलं. पन बोलला न्हाई. आज कळलं मला, का बोलला न्हाई ते."

"आन् चावीचं काय केलंस?"

नूतन गाडीवरून उतरली. पदर खोचला. "म्या म्हनलं, साहेब, दूध उद्या परत निघंल. बाळाबाई परत निघाली नसती. ही घ्या तुमची चावी. आन् दिली फेकून अंगनात. वाकून उचलावी लागली त्याला."

तिनं सहज म्हटलं, पण हिरोला आठ टेकांत जे जमलं नव्हतं ते तिला जमलं होतं. चौदा वर्षं कुंडलिक ज्या माणसाचा हेवा करत होता, तो त्याच्याच घरात भाकऱ्या थापत होता. आणि त्याच माणसामुळं चौदा वर्षं तो कापूरहोळला दुसऱ्यांच्या गाड्यांची चाकं काढत बसला होता.  तिच्यावर चिडावं तर तिनं त्याचाच शब्द खरा मानला होता.

"मला सांगायचं तरी, नूतन!" तो भर रस्त्यात ओरडला. "एका शब्दानं सांगायचं!"

"सांगितलं असतं तर तुमी गेला असता," ती म्हणाली.

गेला असता. उजाडायची वाटसुद्धा न बघता गेला असता, आणि हात जोडूनच गेला असता. हे त्याला पहिल्यापासून ठाऊक होतं. आता तिलाही ठाऊक झालं होतं.