आठ पाय मोजणारे भिंग

मित्रांनो, मी एक जुने भिंग आहे. घड्याळ दुरुस्त करणारे डोळ्यावर बसवतात ना, तसले, काळ्या वाटीतले. माझ्या काठाला चीर गेली आहे. काचेला दुखत नाही म्हणतात. खरे असावे, कारण आता मला फारसे काही वाटत नाही.

छावणीच्या बाजारात नूरमोहम्मद यांचे घड्याळांचे दुकान होते. माणूस चौथी शिकलेला, पण नजर अशी की केसाएवढी स्प्रिंग बिघडली तरी कळे. पुढे मोबाइल आले आणि गिऱ्हाईक आटले. एका रिकाम्या दुपारी त्यांनी चौकटीवरची मुंगी माझ्यातून पाहिली. पाय मोजले, तर आठ. मुंगीला असतात सहा. तो मुंगीचे सोंग घेतलेला कोळी होता.

झाले, त्या दिवसापासून त्यांना वेडच लागले. दर शुक्रवारी नमाज आटोपून ते करमाडकडच्या माळावर जात. सोबतीला त्यांचे मित्र, निवृत्त कारकून दत्तोपंत. नूरमोहम्मद गवतात पालथे पडून पाहत आणि पाहिलेले उर्दूत लिहीत. दरवर्षी नवी वही, जुनी अर्धी कोरी राहिली तरी. बाजार त्यांना ‘कीडेवाले चाचा’ म्हणून हसे. ते एवढेच म्हणत, “पैले पाय मोजा, मग बोला.” एकदा एक प्राध्यापक आले आणि चहा विसरून दोन तास वह्या ऐकत बसले. कौतुक काय ते तेवढेच.

अकरा वह्या झाल्या. त्या मराठीत उतरवायचे दत्तोपंतांनी कबूल केले होते. निजामाच्या राजवटीत त्यांच्या पहिल्या दोन इयत्ता उर्दूत झाल्या होत्या. पण त्यांचे खुब्याचे हाड मोडले, ते अंथरुणाला खिळले, आणि तेवढ्यात नूरमोहम्मद गेले.

नूरमोहम्मद यांची नात लुबना मराठी शाळेत जाते. आजोबांची पेटी आवरताना तिने वह्या सवयीप्रमाणे डावीकडून उघडल्या. पाने कोरी. शाळेत गरजू मुलांसाठी कोरे कागद गोळा करणे चालू होते. तिने दहा वह्या नेऊन दिल्या. तिथे कोरी पाने फाडून घेतली आणि उरलेली रद्दीत गेली. पोरीने पुण्य समजून केले, मित्रांनो. मी गल्ल्यात होतो. अकरावी वही माझ्या अंगाखाली होती, म्हणून वाचली.

मृत्यूनंतरचा चाळिसावा दिवस झाल्यावर, जरा बरे वाटताच, दत्तोपंत काठी टेकत आले. वह्या कुठे आहेत, असे त्यांनी विचारले. त्या कोऱ्या होत्या, शाळेत दिल्या, असे सांगून लुबनाने उरलेली अकरावी पुढे केली. त्यांनी ती हळूच उलटी फिरवली.

“बेटा, ही इकडून उघडतात. उर्दू उजवीकडून लिहितात.”

पाने गच्च भरलेली होती. त्यांनी शेवटची ओळ वाचून दाखवली, “आज लुबनानं पहिल्यांदा आठ पाय बरोबर मोजले.”

लुबना रडली नाही. “बाकीच्या दहांत काय होतं, आजोबा?” तिने विचारले. दत्तोपंतांनी अकरावी वही तिच्या हातात ठेवली.

आता ती शुक्रवारी त्यांच्याकडे उर्दूची अलिफ-बे शिकायला जाते आणि मला खिशात नेते. त्या दहा वह्यांतले मला विचारू नका. मी फक्त पाहिले होते, लिहिले त्यांनी होते.

मित्रांनो, कुणाची वही कोरी वाटली, तर टाकण्याआधी एकदा दुसऱ्या बाजूनेही उघडून पाहा.