धर्मसिंगच्या नावाला ओ

करुणाचं लग्न झालं ते साल दोन हजार तेवीस. बुद्धपौर्णिमेला साखऱ्यात, गावच्या घरी, मांडव पडला. लेक सासरी गेली आणि घर खायला उठलं, म्हणून तिची आई सोजराबाई हिंगोलीला थोरल्या मुलाच्या, रत्नपालच्या, खोलीवर येऊन राहिली. रत्नपाल कॉलेजात अर्थशास्त्र शिकवायचा. त्याच पावसाळ्यात कॉलेजनं घरबसल्या शिकणाऱ्यांसाठी बी.ए. सुरू केलं. धडे फोनवर जायचे. पण अडलं तर विचारायचं कुणाला? म्हणून रत्नपालनं दर बुधवारी संध्याकाळचा एक तास मागून घेतला. ज्याला शंका असेल त्यानं फोनवरून यावं आणि मन मोकळं करावं.

येईना कुणी. प्राचार्य म्हणाले, "दिवाळीपर्यंत बघू. माणूस फिरकला नाही तर तास बंद."

अगदीच कुणी नाही असंही नव्हतं. एक नाव न चुकता पडद्यावर उगवायचं. धर्मसिंग. चेहरा झाकलेला, आवाज बंद. "बोला, धर्मसिंग," रत्नपाल म्हणायचा. पलीकडे चिडीचूप. तो खुर्चीतून उठायचा, खिडकीशी जायचा, परत बसायचा, पाय हलवत राहायचा. तास संपला की ते नाव आलं तसं विझायचं.

भाजी निवडता निवडता सोजराबाई म्हणायची, "बाबा, भिताडाशी काय बोलून राहिलास?"

"भिताड नाही आई, विद्यार्थी आहे."

"मंग त्याच्यापरीस भिताड बरं. टेकायला तरी येतं."

एका बुधवारी रत्नपालचा तोल गेला. सकाळीच प्राचार्यांनी टोचलं होतं. तो पडद्यावर ओरडला, "अरे धर्मसिंग, मूग गिळून बसलास का? शिकायचं नसेल तर जा, शेरडं वळ!"

नाव गेलं. पुढच्या बुधवारी आलं नाही, त्याच्या पुढच्याही नाही. आता पडदा खराच कोरा झाला, आणि रत्नपालच्या जिवाला चैन पडेना. आपण कुणाला हाकलून लावलं?

अशात करुणाचा फोन आला. तिच्याकडे स्वतःचा फोन नव्हता, नवऱ्याच्याच फोनवरून बोलायची. सोजराबाई पडद्याकडे बघत हसली, "नाव जावयाचं आन् आवाज आपल्या पोरीचा. ह्या डब्याची रीतच उलटी."

रत्नपालनं प्रवेशाच्या यादीतली मुलांची नावं आणि नंबर काढून पाहिले. धर्मसिंग नावाचा विद्यार्थी नव्हताच! ते नाव ज्या नंबरवरून यायचं तो यादीत होता संगिता देविदास हिच्यापुढं, जिल्ह्यातल्याच गोरेगावजवळच्या तांड्यावरचा. त्यानं लगेच फोन लावला.

"कोन?" म्हाताऱ्याचा खणखणीत आवाज.

"मी कॉलेजातून रत्नपाल. धर्मसिंग आहेत का?"

"शेरडं वळून राहिला धर्मसिंग!" आणि फोन बंद.

रविवारी त्यानं गोरेगावची जीप धरली. तिथून पायी तांडा गाठला. देवळाच्या ओट्यावर मोठं पागोटं बांधलेला एक म्हातारा बसला होता. मांडीवर फोन, पायाशी खरंच दोन शेरडं.

"तूच का तो मास्तर?" धर्मसिंग म्हणाला. "साठ वर्सं शेरडंच वळली म्या. तुझ्या सांगन्याची गरज नव्हती."

"चुकलं माझं. तुम्ही विद्यार्थी आहात असं वाटलं."

"इद्यार्थी माझी सून. पोरगा देविदास गेलाय लांब बांधकामावर, मंग घरात फोन माझाच. रेंज सापडते ती ह्या ओट्यावर. ओट्यावर बसतो आमी म्हातारे, तिथं सून कशी बसंल? ती ह्या भिताडामागं बसते, मी फोन धरून बसतो. तू हाका मारतो धर्मसिंग, धर्मसिंग. सासऱ्याच्या नावाला सुनेनं ओ द्यावी का? आन् मी द्यावी तर मला काय इचारायचं ते ठाव न्हाई. दोघं बी मुके!"

भिंतीमागून बांगड्या वाजल्या. कुणीतरी हसू दाबलं होतं.

रत्नपाल म्हणाला, "द्या इकडं फोन. त्यात संगिता असं नाव घालून देतो."

म्हाताऱ्यानं फोन छातीशी धरला. "फोन माझा, नाव माझं. मी जित्ता हाये तवर ऱ्हाऊ दे. मेल्यावर बदला म्हनावं."

"मग प्रश्न कोण विचारणार?"

"मी इचारीन की. तिनं मला सांगावं, म्या तुला."

त्या बुधवारी नाव उगवलं आणि पहिल्यांदा आवाज आला. "मास्तर, सून म्हनते, भाव चढला की घेनारा घटतो असं पुस्तकात हाये. मंग लगीनसराईत सोनं एवढं महाग, तरी दुकानात पाय ठेवायला जागा काहून नसते?"

रत्नपाल खुर्चीवर सावरून बसला. लग्न सोन्याच्या भावासाठी थांबत नाही, आणि उद्या सोनं आणखी चढेल ही धास्ती लोकांना आजच दुकानात नेते, हे त्यानं सावकाश समजावलं. "समजलं का?" म्हाताऱ्यानं भिंतीकडे तोंड करून विचारलं. मग फोनमध्ये, "समजलं म्हनते. आता माझा सवाल..."

तेव्हापासून रत्नपाल तासाला आधी एकच विचारू लागला, "फोन कुणाचा आणि शिकणारं कोण?" आणि सगळ्यांना सांगू लागला, आपला प्रश्न दुसऱ्याच्या तोंडून विचारला तरी चालेल. गुलाबसिंग नावाच्या एकाच्या फोनवर त्याची बायको चांगुणा निघाली. सपना नावाच्या मुलीचा प्रश्न तिचा भाऊ विचारू लागला. दिवाळीपर्यंत पडदा भरला. प्राचार्यांनी तास चालू ठेवला.

होळी होऊन गेली आणि एका बुधवारी धर्मसिंग हे नाव आलं नाही. रत्नपालनं फोन लावला, तो बंद. पुढच्या बुधवारीही तेच. इतरांना उत्तरं देताना त्याची नजर त्या रिकाम्या जागेवर जात राहिली. 'शेरडं वळ' म्हणून गेलो तसं पुन्हा काही बोललो का? तांड्यावर जावं का? पण मध्येच कॉलेजच्या परीक्षा लागल्या, त्याला निघता आलं नाही.

त्याच्या पुढच्या बुधवारी पडद्यावर एक नवं नाव आलं. संगिता.

रत्नपालनं ते वाचलं आणि त्याला ओट्यावरचं म्हाताऱ्याचं बोलणं आठवलं. त्याच्यानं हाक मारवेना.

"सर," हळू पण स्पष्ट आवाज आला, "मी संगिता. ओट्यावरून बोलून राहिले. माझा प्रश्न मीच विचारते."

धर्मसिंग दोन हजार चोवीस साली, होळीच्या आदल्या दिवशी, शनिवारी सकाळी वारले.