मास्तरांची निवळी

मास्तर पुण्याचे, त्यांना कोण शिकवणार? आमच्या मानपाड्याच्या ओहोळाला चैत्रात गावापाशी गोड्या पाण्याचा एकच कोंड उरतो, विहिरी सगळ्या मचूळ. त्या कोंडावर लांब पायांच्या पाणनिवळ्या धावतात. म्हातारी गंगुबाई आधी त्या बघायची, मगच घागर बुडवायची. आम्हीपण तसंच करायचो.

शाळा तपासायला डिपुटीसाहेब येणार, म्हणून मास्तर पोरांकडून घोकून घेत होते. "पाणी कशाने निवळते?"

"निवल्यांनी," गंगुबाईची नात मालन म्हणाली.

मास्तर खूश. त्यांच्या पुस्तकात निवळीचं बी होतं, उगाळून घागरीत टाकायचं. "शाब्बास. निवळी कुठे मिळते?"

"कोंडान. पान्यावर नाचतान त्या."

मास्तर तडक कोंडावर आले. "शी! हे किड्यांचे पाणी पिता तुम्ही?"

"जितं पानी हाय, मास्तर," गंगुबाई म्हणाली. "किडं हायेत तवर आपन हाय. ते जेले का घागर उपडी घाला."

मास्तरांनी किडे मारायला कळीचा चुना मागवला. गंगुबाई आडवी आली, पण काळुराम पाटील म्हणाला सरकारी काम हाय, अन् आमच्या माना खाली. एक पाटी मीच ओतली, खोटं कशाला बोलू. सकाळी मासे, मुठे खेकडे, बेडक्या सगळं उताणं पडलेलं. ते आम्ही मास्तरांच्या देखत गुपचूप पुरलं. बाया कोसभर वरच्या डोहावर जायला लागल्या.

डिपुटी आले ते भर दुपारी. "पाहा साहेब," मास्तर म्हणाले, "एक किडा नाही."

"उत्तम. जरा प्यायला द्या."

गंगुबाईनं कोंडातून तांब्या भरला आणि मास्तरांपुढं धरला. "आदी तुमी."

"मला तहान नाही," मास्तर म्हणाले. चैत्रातलं ऊन, पगडीखालून घाम गळत होता, आणि म्हणे तहान नाही.

साहेबांनी तांब्याकडं पाहिलं, मास्तरांकडं पाहिलं. मग मालनला विचारलं, "पाणी कशाने निवळते ग?"

"निवल्यांनी."

"बरोबर," साहेब म्हणाले, आणि वहीत तसंच लिहिलं.

कोंड उपसायला आठ दिवस लागले. निम्म्या घागरी मास्तरांनी वाहिल्या. झऱ्यानं कोंड पुन्हा भरला, तशी गंगुबाई त्यांना वरच्या डोहावर घेऊन गेली. धोतर खोचून मास्तर निवळ्या धरतायत, दहातल्या नऊ निसटतायत, ती काठावरून म्हणतेय, "परत." शेवटी निवळ्या मास्तरांच्या पगडीत बसून आमच्या कोंडात आल्या.

पावसाच्या तोंडाला मालननं मास्तरांना तिथलीच भरली घागर दिली. मास्तर आधी कोंडाच्या काठापर्यंत गेले, वाकून पाण्यावर बघितलं, आणि मग प्यायले.