मांडवाची लाकडं

केसरने ओंडक्यावर पाय दिला, दांडा वरखाली हलवून रुतलेली कुऱ्हाड सोडवली आणि बाजूला टाकली.

"ही न्हाय चालायची. पातं पातळ हाय. आत शिरतं, पण लाकूड उघडत न्हाय."

कुऱ्हाड धनेशची होती, तिच्या धाकट्या दिराची. तो कमरेवर हात ठेवून उभा होता. "वहिनी, ती फांद्या तोडायची. ओंडक्याला दादाचीच पायजे, जाड गालांची."

"ती खुंटीवर असती तर तुझ्या दारात कशाला आले असते?"

खुंटी आठवडाभर रिकामी होती. कुठे गेली कुऱ्हाड, असं विचारलं की तिचा नवरा तुकाराम म्हणे, "नीट हाय. वेळेला मिळंल." आणि पायात चपला सरकवून बंदराकडे निघून जाई.

केसरला त्या जाण्याचीच धास्ती होती. पाच दिवसांवर लेकीची, अमिषाची हळद. मांडवातल्या चुलीची लाकडं घरच्या हातानं फोडायची आणि पहिला घाव नवरीच्या बापाने घालायचा, ही पाड्याची रीत. पण हिवाळ्यात जाळं ओढताना तुकारामच्या उजव्या खांद्याचा स्नायू फाटला होता. तो शिवताना डॉक्टरांनी बजावलं होतं, एक जोराचा झटका बसला तर हा हात पुन्हा खांद्याच्या वर जायचा नाही. तरीही कुठेतरी आडबाजूला जाऊन हा माणूस कुऱ्हाड उचलायचा सराव करतोय, अशी तिची खात्री झाली होती.

म्हणून तिने स्वतःच शिकायचं ठरवलं. हळदीच्या दिवशी तो पुढे यायच्या आत घाव घालून मोकळं व्हायचं. मग पाडा काय बोलायचं ते बोलो.

मांडवासाठी रचलेल्या सुरूच्या ओंडक्यांना तिने हात लावला नाही. घरच्या चुलीची लाकडं घेऊन बसली. होड्या बांधणाऱ्या शिवदासकडून घण आणि लोखंडी पाचर आणली. आंब्याचं गाठाळ खोड त्याने फुटलं, पण एका खोडात दुपार गेली. मग शेजारच्या गोदूची कुऱ्हाड आणली. तिचं पातं बरोबर होतं, जाड आणि फुगीर. दांडा मात्र पुरुषाच्या मापाचा, लांब. उचलताना तोल मागे जाई आणि खाली येताना दांड्याचं टोक मांडीवर आदळे.

तिने दांडा वरून धरून पाहिला, पाय फाकवून पाहिले, ओंडक्याखालचा ठोकळा बदलला. ठोकळा गुडघ्याएवढा हवा, हे दुसऱ्या दिवशी कळलं. घाव खाली येताना आपणही गुडघ्यात वाकायचं, म्हणजे चुकलेलं पातं नडगीवर न येता ठोकळ्यात बसतं, हे तिसऱ्या दिवशी. ट्रकचा जुना टायर तिने ओंडक्याभोवती बसवला, म्हणजे ढलप्या वेचत अंगणभर फिरायला नको.

तुकाराम प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून सगळं पाही. खुर्ची नको इतकी जवळ ओढलेली.

"मधी नको मारू. ती चीर बघ, कडेला. तिच्यावर घाल."

"दिसली मला."

"दिसली तर गाठीवर का गेलीस?"

"खुर्ची मागं घ्या आधी. ढलपी उडंल."

"उडू दे. मला काय पाव्हण्यासारखं लांब बसवतेस?"

तो हलला नाही. तिने घाव घातला. ओंडका चिरेवर उघडला आणि दोन्ही भाग टायरला टेकून उभे राहिले. केसरने पदराने तोंड पुसलं. आपल्याला हे येतं, याबद्दल तिच्या मनात आता शंका उरली नव्हती. दांडा तेवढा आडवा येत होता.

हळदीच्या सकाळी मांडवात बायका जमल्या. सुरूचा पहिला ओंडका ठोकळ्यावर उभा केला होता. पाड्यात सगळ्यांत वडील असलेल्या आवडाबाईंनी त्याला हळदकुंकू लावलं. केसर गोदूची कुऱ्हाड पायाशी घेऊन ओंडक्याच्या अगदी जवळ उभी राहिली.

"तुकाराम कुठं हाय?" आवडाबाईंनी हाक दिली. "नवरीचा बाप, ये रं पुढं."

तुकाराम शिवदासच्या घराकडून आला. डाव्या बगलेत गोणपाटात गुंडाळलेलं काहीतरी होतं. केसरने दांड्यावरची मूठ घट्ट केली.

तो ओंडक्यापाशी न थांबता तिच्यासमोर आला. गोणपाट सोडलं आणि कुऱ्हाड तिच्यापुढे धरली. "ती गोदूची ठेव खाली."

पातं ओळखीचं होतं, नव्याने घासलेलं. दांडा ओळखीचा नव्हता. चांगला वीतभर आखूड झाला होता. टोक जरा तिरकं कापलं होतं, डाव्या हाताने करवत चालवल्यासारखं, आणि मग काचेने खरवडून गुळगुळीत केलेलं. तिने तो हातात घेतला. दोन्ही तळवे आपोआप जागेवर बसले.

"आरं, पहिला घाव बापाचा असतोय," आवडाबाई म्हणाल्या.

"दांडा तिच्या मापाचा हाय, काकी," तुकाराम म्हणाला. "मला पुरायचा न्हाय."

मागे कोणीतरी कुजबुजलं. धनेशने मान खाली घातली. आवडाबाईंनी दांड्याचं कापलेलं टोक बघितलं. मग केसरकडे वळल्या आणि हळदीची वाटी घेऊन दांड्यालाही एक बोट ओढलं.

"घाल गो."

केसरने पातं तपासलं, प्रत्येक वेळी तपासायची तसं. दांडा घट्ट राहावा म्हणून पात्याच्या भोकात, नेढ्यात, लाकडाची पाचर ठोकलेली होती. बाकीचा दांडा फिकट, ती एवढीच काळपट तुकतुकीत. दांड्याच्या कापलेल्या टोकाचा, वर्षानुवर्षं तुकारामच्या मुठीत राहिलेला तुकडा तासून त्याने ती केली होती.

तिने त्यावरून अंगठा फिरवला. मग ओंडक्यावरची चीर शोधली, पाय रोवले आणि कुऱ्हाड उचलली.

मागे प्लास्टिकची खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. न सांगता, डाव्या हाताने तुकाराम ती मागे घेत होता.